पणजोबांची निवड जपून करावी

आपल्या चिरंजीवांना नववीत जीवशास्त्रात बी-प्लस आणि दहावीत रसायनशास्त्रात चक्क बी मिळाला असेल, आणि तरीही हार्वर्ड, येल किंवा प्रिन्स्टनमध्ये त्यांची वर्णी लागावी अशी आपली मनीषा असेल, तर सर्वप्रथम घालमेल थांबवावी. 2024 साली एकट्या हार्वर्डकडे सुमारे 54 हजार अर्ज आले आणि दोन हजारांहून कमी मुलांना होकार गेला, हे आकडे ऐकल्यावर न्यू जर्सीतल्या मराठी घरांत घास घशाखाली उतरत नाही, हे मी स्वानुभवाने जाणतो. परंतु ती गर्दी गुणपत्रिका हातात घेऊन उभ्या राहिलेल्यांची आहे. आपल्या गुणपत्रिकेत दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे त्या रांगेत ताटकळण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

पहिली पायरी पणजोबांची. ते निवडताना हयगय करू नये. आपले पणजोबा सातारा जिल्ह्यात कुळकायद्याची वाट पाहत बसले असतील, तर ती त्यांची चूक आहे. त्यांनी त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये असायला हवे होते. माजी विद्यार्थ्यांच्या वंशजांना येथे ‘लेगसी’ म्हणतात. प्रवेशात वंशावरून भेदभाव होतो या आरोपावरून हार्वर्डवर जो खटला झाला, त्यात जे आकडे उघड झाले, त्यांनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे 33 टक्क्यांना प्रवेश मिळत होता आणि बाकीच्यांपैकी सहा टक्क्यांच्या आसपास मुलांना. ज्या वंशजांना एवढ्यानेही आत घेता येत नाही, त्यांच्यासाठी ‘झेड-लिस्ट’ नावाची सोय आहे: वर्षभर जग हिंडून या आणि पुढच्या वर्षी वर्गात बसा, असे दरवर्षी पन्नास-साठ जणांना कळवले जाते. आपल्याकडे एक वर्ष वाया गेले की शेजारी कुजबुजतात. तेथे त्याला अनुभवसंपन्नता म्हणतात.

मात्र पणजोबा कोणत्या राज्यातले आहेत, याकडे लक्ष ठेवावे. एमआयटी त्यांची चौकशीच करत नाही, आणि जॉन्स हॉपकिन्सने तर ही प्रथा बंदच करून टाकली. कॅलिफोर्नियाने 2024 साली कायदा करून 1 सप्टेंबर 2025 पासून खासगी विद्यापीठांनाही तिची मनाई केली, तेव्हा स्टॅनफर्डने राज्याकडून येणाऱ्या विद्यार्थी-साहाय्यावर पाणी सोडले, पण पणजोबांचा हात सोडला नाही. याला म्हणतात पितृऋण.

आमच्या मुलाच्या वेळी आम्ही प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एका खासगी काउन्सेलरकडे गेलो होतो. बाईंनी ट्रान्सक्रिप्टवरून नजर फिरवली, ती टेबलावर पालथी ठेवली आणि अत्यंत मृदू आवाजात विचारले, ‘‘आपल्या घराण्यातले कोणी तिथे शिकले आहे का?’’ माझे आजोबा वाईच्या केंद्रात व्हर्नाक्युलर फायनलला पहिले आले होते, असे मी ताठ मानेने सांगितले. बाईंनी ते लिहून घेतले नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: ‘‘एखाद्या इमारतीला वगैरे आपले नाव आहे का?’’ आमच्या सौभाग्यवतींना एकदम आठवले की, गावच्या विठ्ठलमंदिराच्या तिसऱ्या पायरीवर सासऱ्यांचे नाव कोरलेले आहे. त्या भेटीचे बिल आम्ही दोन हप्त्यांत फेडले.

पायरी पुरत नाही, हा त्यातला धडा. दान मोठे हवे आणि वेळेवर हवे. 1998 साली न्यू जर्सीतले बांधकाम व्यावसायिक चार्ल्स कुश्नर यांनी हार्वर्डला 25 लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे चिरंजीव जॅरेड यांना तेथे प्रवेश मिळाला. त्यांच्या शाळेतल्या मंडळींना याचे मोठे नवल वाटले, असे पत्रकार डॅनियल गोल्डन यांनी पुढे लिहिले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, असा खुलासा कुश्नर यांच्याकडून झाला. आपणही तसाच खुलासा आधीपासून टाइप करून ठेवावा. सत्पात्री दानाला करसवलत मिळते, हे वेगळे सांगायला नको.

एवढी ऐपत नसलेल्या, म्हणजे फक्त लक्षाधीश असलेल्या पालकांची सोय कॅलिफोर्नियातल्या रिक सिंगर नावाच्या गृहस्थाने केली होती. पुढचे दार गुणवंतांचे, मागचे दार देणगीदारांचे, आणि आपण काढले आहे ते बाजूचे दार, अशी त्याची मांडणी होती. वाड्याच्या मोठ्या दरवाजात वाकून शिरण्यापुरती जी दिंडी ठेवतात, तीच ही. या दिंडीतून आत जायचे तर खेळाडू असावे लागे, आणि खेळाडू असण्यासाठी खेळावे मात्र लागत नसे. लॉस एंजेलिसच्या एका वडिलांनी ॲमेझॉनवरून वॉटर पोलोचा चेंडू आणि टोपी मागवली, मुलाला घरच्या तलावात उभे करून फोटो काढला आणि डिझायनरकडून त्याला ऐन सामन्यात उतरवले. अभिनेत्री लोरी लॉफलिन यांच्या दोन्ही मुलींचे फोटो व्यायामाच्या रोइंग यंत्रावर बसवून काढले गेले. होडीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. पाच लाख डॉलरांत दोन नावाडी, हा भाव कोकणातल्या कोणत्याही बंदरावर महागच म्हणावा लागेल. सर्वांत हृद्य भाग पुढचा आहे. हे पैसे सिंगरच्या धर्मादाय संस्थेकडे जात, आणि आपल्या औदार्यामुळे वंचित मुलांच्या शिक्षणाला हातभार लागेल, असे आभारपत्र पालकांना घरपोच येई. 12 मार्च 2019 रोजी सरकारी वकिलांनी हा खटला जाहीर केला, तोवर सिंगरकडे अडीच कोटी डॉलर जमले होते. 2023 साली त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. दिंडी बुजवली गेली. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना मात्र नेमाने तेल घातले जाते.

आपण सज्जन असल्यामुळे खराच खेळ निवडावा. प्रशिक्षकाने हेरलेल्या खेळाडूंपैकी 86 टक्क्यांना हार्वर्डमध्ये प्रवेश मिळत असे, हेही हार्वर्डवरील त्या खटल्यातूनच कळले. पण खो-खो, कबड्डी आणि आट्यापाट्या यांत मूल कितीही तरबेज असले, तरी त्याला हेरायला कोणी येत नाही. स्क्वॉश, तलवारबाजी, शिडाच्या होड्या आणि वल्ही हे उपयोगी खेळ होत. त्यांच्यासाठी लागणारी कोर्टे आणि सरोवरे महागड्या निवासी शाळांच्याच आवारात असतात, हा निव्वळ योगायोग समजावा.

उरला निबंध. त्याला 650 शब्दांची मर्यादा असून त्यात मुलाने आपल्या आयुष्यातील दुःख मांडायचे असते. आमच्या मुलाच्या आयुष्यात वायफाय बंद पडण्यापलीकडे दुःख नव्हते, म्हणून आम्ही त्याला उन्हाळ्यात आजीकडे पाठवले आणि परत आल्यावर त्याने चुलीवरच्या भाकरीतून मिळालेल्या आत्मभानावर लिहिले. त्या वर्षी आमच्या मंडळातल्या आणखी चार मुलांना भाकरीतूनच आत्मभान मिळाले होते, हे आम्हाला गणेशोत्सवाच्या पंगतीत कळले. निबंधाबरोबर व्यक्तिमत्त्वालाही श्रेणी असते. हार्वर्डच्या श्रेण्यांत आशियाई वंशाची मुले अभ्यासात वर आणि व्यक्तिमत्त्वात खाली, असे चित्र खटल्यात दिसले. यात भेदभाव नाही, असा निर्वाळा खालच्या न्यायालयांनी दिला. 29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याला बंदी केली. पणजोबांचा विचार करण्याला केली नाही.

व्यक्तिमत्त्व मोजण्याची ही परंपरा जुनी आहे. परीक्षेतल्या गुणांवर ज्यू मुलांची संख्या फार वाढते आहे असे वाटल्यावर 1922 साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी तिच्यावर मर्यादा घालण्याची कल्पना मांडली, आणि पुढे गुणांपेक्षा चारित्र्याला महत्त्व आले. त्याच काळात प्रवेश अर्जात एक प्रश्न दाखल झाला: जन्मानंतर आपल्या किंवा आपल्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय? ‘आडनाव काय? मूळचे कुठले?’ या दोन प्रश्नांत समोरच्याची कुंडली मांडणाऱ्या आपल्या समाजाला यात नवीन काहीच वाटू नये. आपल्याला फक्त ते प्रश्न छापील फॉर्मवर घेण्याचे सुचले नाही.

आमचे चिरंजीव रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात आहेत. दर रविवारी धुण्याची पिशवी घेऊन घरी येतात, पोटभर जेवतात, आणि रसायनशास्त्र हाच मुख्य विषय घेतला असल्याचे त्यांनी नुकतेच सहज सांगितले. धाकटीच्या बाबतीत मात्र आम्ही गाफील राहायचे नाही असे ठरवले आहे. ती सात वर्षांची आहे. काउन्सेलर बाईंच्या मते थोडा उशीरच झाला आहे. तिच्यासाठी तलवार, जाळीचा मुखवटा आणि पांढरा अंगरखा आणला असून ती रोज संध्याकाळी दिवाणखान्यात सराव करते. भारतातून आलेल्या आईने परवा ते पाहिले, लढाई कोणाशी आहे म्हणून विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता तुळशीची कुंडी उचलून आत नेली.