खुडूक कोंबडी वेगळी ठेवावी, पण नजरेआड नव्हे

कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीला कळपातून हलवू नका, रानात तिला कोणी वेगळे खुराडे बांधून देत नाही, आई आपल्या पिल्लांना राखायला समर्थ असते, तीच कळपाचे खाणे पिल्लांना शिकवते, आणि एकदा वेगळी काढलेली कोंबडी कळप परत घेत नाही. यातील शेवटच्या विधानात तथ्य आहे, आणि त्याच्याच आधारावर बाकीची खपून जातात.

रानाचा दाखला मुळातच उलटा आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेल्या रानकोंबडीची मादी थव्यात बसून अंडी उबवत नाही. ती झुडपाच्या आडोशाला जमिनीवर एकटी बसते आणि पिल्ले निघाल्यावरही सुरुवातीला त्यांना घेऊन वेगळीच चरते. खुराड्यात कोंडलेल्या कोंबडीला असा आडोसा शोधता येत नाही, म्हणून तो आपण द्यायचा असतो.

उबवणीच्या 21 दिवसांविषयी या संदेशात अवाक्षर नाही, आणि खरे नुकसान तर तिथेच होते. खुडूक कोंबडी अंडी घालण्याच्या पेटीतच ठाण मांडते, आणि इतर कोंबड्यांना नेमकी तीच पेटी हवी असते. त्या तिच्या अंगावर चढून अंडी घालतात, धक्काबुक्कीत एखादे अंडे फुटते, आणि फुटलेल्या अंड्याची चव लागली की अंडी खाण्याची खोड जडते. खुडूक कोंबडी दाणापाण्यासाठी दिवसातून साधारण एकदा, पंधरा मिनिटे ते अर्धा तास उठते. तेवढ्यात दुसरी तिच्या जागी बसलेली असली, तर ती शेजारच्या रिकाम्या पेटीत जाऊन तितक्याच निष्ठेने बसते आणि इकडे अंडी गार पडतात.

मी स्वतः पहिल्या वेळी याच सल्ल्यावर विसंबलो होतो. नऊ अंडी ठेवली होती. विसाव्या दिवशी मोजली तर चौदा भरली. पिल्ले निघाल्यावर दोन दिवसांत आई त्यांना घेऊन उठली आणि मागे राहिलेल्या अंड्यांकडे तिने वळूनही पाहिले नाही. त्यांतल्या एकाला आतून बारीक टोचा पडलेला होता, आणि ते कानाशी धरले तेव्हा आतून क्षीण चिवचिव ऐकू येत होती. तेव्हापासून मी सर्व अंडी एकाच दिवशी ठेवतो, प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करतो आणि बिनखुणेचे अंडे दिसले की त्याच दिवशी काढून घेतो. कोंबडी हलवायची ती अंधार पडल्यावर. दिवसा हलवली तर ती जुन्या पेटीकडे धाव घेते. नव्या जागी एक-दोन दिवस खोट्या अंड्यांवर ती स्थिर बसली, तरच खरी अंडी तिच्याखाली सरकवावीत.

आई पिल्लांना राखते, हे खरेच आहे. माणसाच्या हातावर झेपावणारी खुडूक कोंबडी ज्याने पाहिली आहे, तो ते नाकारणार नाही. पण पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअसची ऊब लागते, ती त्यांना स्वतःच्या अंगात राखता येत नाही, आणि ती देण्यासाठी आईला वारंवार पंख पसरून खाली बसावे लागते. अशा वेळी सहा पिल्ले पंखाखाली असतात आणि सातवे दाण्याच्या भांड्याकडे पळते. तिथली एखादी कोंबडी त्याच्या डोक्यात चोच मारते. त्यात वैर नसते, समोर काहीतरी छोटे हलले एवढेच. अंगाखालची पिल्ले झटकून आई उभी राहीपर्यंत घाव बसलेला असतो. रात्री उंदीर किंवा घूस आली तर तिला अंधारात धड दिसतही नाही. म्हणून जाळी अर्ध्या इंचाची हवी. एक इंचाच्या जाळीतून लहान पिल्लू सहज पलीकडे जाते. उथळ पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, कारण बुडणाऱ्या पिल्लाला आई वाचवू शकत नाही.

खाद्याबाबतचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. आई शिकवते ते टिपायला. भांड्यात काय आहे, हे तिच्या हाती नसते. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, पिल्लांना साधारण एक टक्का पुरते, आणि जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते. आईला मात्र पिल्लांचे खाद्य चालते, कारण त्या काळात ती अंडी घालत नसते.

आता शेवटचा मुद्दा. दूरच्या खोलीत दोन महिने ठेवलेली कोंबडी परत आणली, तर कळप तिला परकी समजतो आणि तिची जागा ठरेपर्यंत मारामारी होते. पण त्यावर उपाय तिला कळपात उघडी ठेवणे हा नसून त्याच खुराड्याचा एक कोपरा जाळीने वेगळा करणे हा आहे, म्हणजे सर्वांना ती रोज दिसत राहते. दोन-तीन आठवड्यांनी, आपण समोर असताना, जाळी थोडा वेळ उघडावी. ही वेळ महत्त्वाची आहे. पाच-सहा आठवड्यांत पिल्लांना पिसे फुटतात, पुढे आई त्यांना टोचून दूर करते आणि स्वतः दांडीवर झोपायला जाते. त्यानंतर मिसळलेल्या पिल्लांमागे कोणी उभे नसते. आई सोबत असतानाच मिसळली, तर पहिल्या दोन-चार झटापटी तीच निस्तरते. जाळी उघडल्यावर सगळ्या कळपालाच पिल्लांचे खाद्य घालावे आणि अंडी घालणाऱ्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोपऱ्याला खालून पिल्ले शिरतील पण मोठी कोंबडी शिरणार नाही एवढी फट ठेवावी, आणि पिल्ले तीत मावेनाशी होईपर्यंत ती बुजवू नये.