घरोघरी फिरायचे कसले पैसे, म्हणे!

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी आशाताईंच्या, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, मोर्चाचा फोटो टाकला आणि त्याखाली आमच्या एका काकांनी लिहिलं, "घरोघरी फिरायचे कसले पैसे मागतात या?" वर अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

माझ्या बाळंतपणात घर माणसांनी भरलेलं होतं. प्रत्येकीचा सल्ला वेगळा, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर, मध चाटव. बाळ रडायचं, मीही रडायचे. मग आशाताई आल्या, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं आणि माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "अगं, नुसतं टोक नको देऊस त्याच्या तोंडात. पोटाला पोट लाव, आ मोठा करू दे, मग जवळ घे." लागलं ना बाळ प्यायला! आणि जाताना सासूबाईंना सांगून गेल्या की हिला दुपारी झोपू द्या. हे घरातलं दुसरं कुणी बोललं नव्हतं.

याला फिरणं म्हणतात? बाळ झाल्यावर ४२ दिवसांत सहा-सात वेळा यायचं आणि केंद्र सरकारच्या हिशोबात त्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. काका, तुमच्या गाडीत तेवढ्याचं पेट्रोल किती येतं हो?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यांनी घरी जाऊन तान्ह्या बाळांना सांभाळलं आणि बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तेच काम आज देशभर आशा करतायत. वर लसीकरण, सर्व्हे, रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखाना, सगळं त्यांच्याच गळ्यात.

हो, काही जणी नुसतं रजिस्टर भरून जातात, मान्य. म्हणून सगळ्यांनाच हिणवायचं?

खरं तर काकांवर राग धरवत नाही. त्यांचीच सून शहरात फ्लॅटमध्ये तान्हं बाळ घेऊन एकटी होती, नवरा सकाळी जायचा तो रात्री यायचा, शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही. फोनवर रडायची माझ्याकडे. मी तिला तेच सांगत होते, पोटाला पोट लाव, आ मोठा करू दे. पण फोनवरून कळतंय होय? तिथे शेजारी बसणारं माणूसच पाहिजे.

त्यामुळे कामागणिक मोबदला-बिबदला बंद करा, आशांना दरमहा ठरलेला पगार द्या, म्हातारपणी पेन्शन द्या. आणि शहरातल्या सोसायट्यांनो, ताई आल्या तर त्यांना गेटवर ताटकळत ठेवू नका, वर सोडा.