लिफ्ट चालतेय, पण आई खाली येत नाहीये

आमच्या जिन्यावरची खुर्चीची लिफ्ट (म्हणजे जिन्याला लावलेल्या रुळावरून वर-खाली सरकणारी खुर्ची) बदलायला झाली आहे, हे मला लिफ्टकडे बघून कळलंच नाही. दिवसातून चारदा खाली येणारी आई एकदाच यायला लागली. विचारलं तर म्हणाली, "उगाच कशाला वर-खाली? वाचत बसते की वरच." वय झालं, असं म्हणून मी सोडून दिलं. दोन महिने तेच म्हणत राहिले. आता लाज वाटते.

मग एका दुपारी ती वर पोचली तेव्हा मी नेमकी मागे होते. ही खुर्ची जिन्याला आडवी असते. वर गेल्यावर बाजूचा खटका दाबून ती पॅसेजकडे वळवायची आणि मग उतरायचं, म्हणजे दोन्ही पाय सपाट जमिनीवर पडतात. तो खटका इतका घट्ट झाला होता की आईच्या बोटांना दाबलाच जात नव्हता. त्यामुळे ती खुर्ची न वळवता, अंग पिळून उतरत होती. एक पाय जमिनीवर, दुसरा पायरीच्या कडेला आणि शेजारी अख्खा जिना खाली गेलेला. लिफ्ट मात्र गुळगुळीत चालत होती. आवाज नाही, धक्का नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "चालतेय ना अजून?" हाच प्रश्न सगळे विचारतात, आणि माझ्या मते तोच चुकीचा आहे.

उलट्या बाजूची चूकही मी करता करता राहिले आहे. तीन वर्षांपूर्वी खुर्ची वर जाताना दमल्यासारखी व्हायची, मध्येच थांबायची. बघायला आलेल्या माणसाने "जुनी झाली, नवीनच घ्या" असं सांगून टाकलं. दुसऱ्याला बोलावलं, त्याने बॅटऱ्या बदलल्या आणि काम झालं. अशा बहुतेक लिफ्टना 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, म्हणूनच वीज गेली तरी माणूस अधांतरी अडकत नाही. पण त्या 3 ते 5 वर्षांत थकतात. चार्जिंग होतं ते बहुधा रुळाच्या टोकांशी. खुर्ची मध्येच कुठे सोडली तर चार्ज होत नाही आणि पीं-पीं करत राहते. (आम्ही त्या आवाजाला वैतागून मेन स्विचच बंद करायचो. म्हणजे उरलंसुरलं चार्जिंगही बंद! शहाणपणाची कमाल.) तर संथ चालणं, थांबणं, पीं-पीं यासाठी कुणी नवी लिफ्ट गळ्यात मारत असेल, तर आधी बॅटरी आणि चार्जिंगचे संपर्क तपासून घ्या.

लिफ्ट 10 ते 15 वर्षं चालते म्हणतात, पण नुसत्या वयावरून मी काही ठरवणार नाही. पाय ठेवायच्या फळीच्या कडेला काही लागलं की खुर्ची जागच्या जागी थांबायलाच हवी. रिकामी खुर्ची रिमोटने खाली आणताना वाटेत एखादा रिकामा खोका ठेवून बघा. खुर्चीच्या हातावरच्या बटणावरून बोट काढल्यावरही थांबायला हवी. पट्टा अडकायला हवा. यातलं एक जरी चुकलं, तरी दुरुस्ती होईपर्यंत त्यावर कुणी बसायचं नाही. आणि तो भाग आता मिळतच नाही असं कळलं, की विषय संपला. आमच्या खटक्याचं तेच झालं. वळणाच्या जिन्याचा रूळ त्या जिन्याच्या मापानेच बनवलेला असतो, त्यामुळे बदलताना तो बहुधा वाया जातो आणि खर्च बराच वाढतो. लोक का टाळाटाळ करतात ते मला कळतं. आमचा जिना सरळ, तरी दादाला पटवायला महिना लागला.

नवी खुर्ची वर पोचल्यावर बटण दाबलं की मोटरवर आपोआप वळते. जुना रूळ पायऱ्यांना स्क्रूने बसवलेला होता, त्याची भोकं राहिली आहेत. आई पुन्हा तीनदा-चारदा खाली येते.

पण परवा खुर्चीतून उठताना तिने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा माझा हात धरला. गुडघेच ऐकेनासे झाले, तर जिन्यावरची ही खुर्चीही फारशी उपयोगाची नाही. मग कदाचित तिची खोलीच खाली आणावी लागेल. मी खालच्या खोलीचं माप घेऊन ठेवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.