चिंच, चुंबक आणि रामदरबार

पहिला पाऊस पडला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "शेतात जुनं नाणं सापडलं तर चिंचेनं घासून लखलखीत करा. चुंबकाला चिकटलं तर अस्सल. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं रामदरबाराचं असेल तर रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते. मेटल डिटेक्टरचं मशीन आणलं तर सोनं किती खोल आहे तेही कळतं. कुणाला सांगू नका." एखादं तरी वाक्य खरं निघेल म्हणून मी तो दोनदा वाचला. नाही निघालं.

रामदरबाराचं आधी संपवू. ईस्ट इंडिया कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. तिची सगळीकडे एकसारखी नाणी आली तीही १८३५ च्या कायद्यानंतर. रामदरबाराचे ते टंके, म्हणजे नाण्यासारख्या चकत्या, देव्हाऱ्यात ठेवायचे. पूजेला चांगले, बाजारात त्यांना नाण्याचं मोल नाही. शिवाय आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामी. आजोबांच्या पेटीत निजामाचा चारमिनारचा हाली रुपया निघेल, तो खरा. रिझर्व्ह बँकेनं तर ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. "आधी फी भरा" म्हणणारा कोण, ते ओळखा.

चुंबकाचं तर उलटंच आहे. सोनं, चांदी, तांबं, शिसं, काहीच चुंबकाला चिकटत नाही. चिकटतो तो १९८८ नंतरचा स्टीलचा आठ आणा.

चिंचेवर मात्र माझा खरा राग आहे. आपल्याकडे शेत ती काळी आणि जुनी वस्ती ती पांढरी. पांढरीची माती गाडीनं आणून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर टाकायची, शेतात खत म्हणून पसरायची, ही रीत जुनीच. त्या मातीतून पैठण, तेर, भोकरदनकडे सातवाहनांची नाणी वर येतात: शिशाची, तांब्याची, पोटीन या मिश्रधातूची. दिसायला काळपट, ओबडधोबड, भंगारवालाही हातात घेणार नाही अशी. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि कडेनं ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार गोळे, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. राजा कोणता, ते त्या कडेच्या अक्षरांवरून ठरतं. आमच्या एका काकांनी असंच शिशाचं नाणं रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवलं. सकाळी हत्ती कसाबसा दिसत होता, अक्षरं गेली होती. उरला तो शिशाचा तुकडा. नाणं मऊ ब्रशनं माती झाडून कागदात गुंडाळा, एवढंच. आणि कुठल्या गट नंबरात, किती खोल, सोबत खापरं-मणी काय होते, ते लगेच लिहून ठेवा. माळवदावरची माती मूळ कुठून आणली हे घरातल्या म्हाताऱ्यांनाच माहीत असतं, त्यांना विचारा.

राहिलं मशीन. ते धातू सांगतं, सोनं नाही. दारूच्या बाटलीचं टोपणही त्याला तितकंच आवडतं. नाण्याएवढी वस्तू वीतभर-हातभर खोलीपर्यंत लागते, त्यात आपला काळा दगड मॅग्नेटाइट या लोहखनिजानं भरलेला, म्हणून मशीन उगाच किरकिरतं. आणि तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, रोमशी व्यापार होता त्याच्या खुणा. त्यांच्यावरून मशीन फिरवलं तर ते गप्पच राहील. मशीन घेऊन पांढर उकरणारा असल्या वस्तू फावड्याखाली फोडत पुढे जातो. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर तसं खणणं हा गुन्हाच आहे.

"कुणाला सांगू नका" हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवलं, चौकशीत कुणाचा हक्क ठरला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. शासनाला ठेवा हवा असेल तर त्यातल्या धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश जोडून द्यावा लागतो. स्वतःच्याच शेतात सापडलं असेल तर दोन्ही वाटे तुमचेच.