किती जणांत पहिला?

आमच्या नाक्यावर परवा एका कराटे क्लासचा नवा फ्लेक्स लागला. 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेते, अपराजित, ग्रँडमास्टर!' हाताची घडी घातलेले सर, कमरेला काळा पट्टा, खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे. दोनदा वाचला. स्पर्धा कुठली, साल कोणतं, वजनगट किती, फायनलला समोर कोण होतं, एक अक्षर नाही. शुभेच्छुकांची नावं मात्र पदांसकट.

मला विचारायची खोड आहे. गेल्या वर्षी भाचा 'इंटरनॅशनल' कराटे स्पर्धेतून गोल्ड घेऊन आला. पेढे खाता खाता विचारलं, "किती फाइट झाल्या रे?"

"एक होती. पण समोरचा आलाच नाही, मामा. सर म्हणाले, तूच फर्स्ट."

मेडलवरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. नखाने उचलला, तर खाली बुद्धिबळाचा घोडा. पोरगं खो खो हसलं. ताई नाही हसली. पोराचा काय दोष म्हणा, पैसे भरले दाजींनी.

कराटे ऑलिंपिकमध्ये आजवर एकदाच होतं, टोकियोत, २०२१ साली. भारताचा एकही खेळाडू पात्र ठरला नाही. पॅरिसला तर खेळच वगळला. आणि आमच्याकडे गल्लीगणिक 'ऑलिंपिक दर्जाचे प्रशिक्षण'!

आमचे आजोबा जत्रेतल्या कुस्तीच्या फडात लढायचे. तिथे थाप चालायची नाही, कारण अख्खं गाव कडेला बसलेलं. कुणाबरोबर धरली, घिस्सा डावावर गेली की ढाक डावावर, बरोबरीत सोडवली का, हे पारावर महिनाभर चघळलं जायचं. आजोबा जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा हरलेल्याच जास्त सांगायचे, डावासकट. कुस्तीत सगळे हरिश्चंद्र होते असं अजिबात नाही, 'नुरा कुस्ती', म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली कुस्ती, हा शब्द काय उगाच आला? पण ती नुरा आहे हे ओळखायला तरी समोर माणसं असायची.

खाशाबा जाधव घ्या. १९४८ला लंडनमध्ये सहावे. १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत ते सोव्हिएतच्या रशीद मामदबेयोवकडून आणि जपानच्या शोहाची इशीईकडून हरले, आणि हेही नावांनिशी नोंदलेलं आहे. त्या दोघांनी रौप्य आणि सुवर्ण नेलं, म्हणून तर त्या ब्राँझचं वजन कळतं. 'अपराजित' म्हणणाऱ्याचं वजन कशावर करायचं? खरोखर लढलेला माणूस कधी ना कधी कुणाकडून तरी मार खाऊन आलेला असतो, आणि ते नाव तो झोपेतही विसरत नाही.

काल संध्याकाळी मुद्दाम त्या क्लासवर गेलो. सरांना नमस्कार केला, म्हटलं, "सर, तुम्ही कधी हरलात का? कुणाकडून?"

सरांनी ड्रॉवर उघडून फॉर्म पुढे सरकवला. "नवी बॅच सोमवारपासून. रजिस्ट्रेशन सहाशे, ड्रेसचे वेगळे."