हा मुका 'बी' हवाय कशाला?

पुन्हा तेच! कर्जाला मी 'डेब्ट' म्हणालो आणि समोरच्याने वाक्य मध्येच तोडलं, "डेट म्हणतात." अहो, पण 'बी' लिहिलाय ना तिथे! फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा या शब्दात तो नव्हताच. पुढे विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवायला घुसडला, उच्चार मात्र जुनाच राहिला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ चुकीने चिकटलेला. आणि ते ओ-यू-जी-एच! 'दो', 'थ्रू', 'टफ', 'कॉफ': अक्षरं तीच, उच्चार चार. नियम विचारला की उत्तर ठरलेलं, पाठ करा. करतोय हो, वर्षानुवर्षं करतोय! पण दर वेळी गुन्हेगार मीच का? निदान माझं वाक्य तरी पूर्ण होऊ द्या.