गरम आहे, पण गोड आहे का?

स्वस्तातला ट्यूब हेडफोन ॲम्प (हेडफोनला जोर देणारी, काचेची व्हॅक्यूम ट्यूब असलेली पेटी) घेतलेला माणूस समोर येऊन बसला की माझ्या पोटात गोळा येतो. तो हेडफोन आपल्या डोक्यावर चढवतो, गाणं लावतो आणि मग आपल्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसतो. "कसा गोडवा आलाय, नाही?" आता काय बोलणार!

अशा वेळी मी आधी खोलीतला दिवा लावायला सांगतो, कारण अंधारात नारिंगी उजेड समोर असला की काहीही गोड लागतं. तो उजेडही पुष्कळदा ट्यूबचा नसतो, खाली एलईडी बसवलेली असते. ॲम्प बंद करून बघा. खऱ्या फिलामेंटची लाली सावकाश विझते, एलईडी चटकन जाते. आतलं कामही तसंच. बऱ्याच मॉडेलांत ट्यूब दारात उभी राहून पाहुण्यांवर अत्तर शिंपडते. हेडफोन हलवण्याची हमाली मागची ऑपॅम्प नावाची चिप नाहीतर मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर करतो. १२एयू७ ही ट्यूब १०० ते २५० व्होल्टसाठी बनवलेली, तिला इथे २४ व्होल्टवर राबवतात. त्यातून डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात होणारी भेसळ, वाढतं. त्यात दुसरा हार्मोनिक म्हणजे मूळ सुराचा वरचा षड्जच असल्याने कानाला ते खुपत नाही, एवढंच.

पण खरा घोळ आवाजाच्या पातळीचा. दोन ॲम्पपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच "मोकळा", "जिवंत" वगैरे वाटतो. म्हणून दोन्हींना एकाच डॅकमधून (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारी डबी) सिग्नल द्यायचा, ४०० हर्ट्झचा सलग सूर लावायचा, हेडफोन जोडलेलाच ठेवून स्प्लिटरवर (एका सॉकेटची दोन करणाऱ्या जोडणीवर) एसी व्होल्ट मोजायचे आणि दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत आणायचे. एकीकडे २०० मिलिव्होल्ट असतील तर दुसरीकडे १९८ ते २०२. इलेक्ट्रिशियनच्या खिशातला पिवळा मीटर इथे कुचकामी: त्याची एसीची सर्वांत खालची रेंजच २०० व्होल्टची असते. दोन व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर मागून आणा. मग दुसऱ्या कुणालातरी न सांगता अदलाबदल करू द्या आणि १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा मानू. पातळी जुळवली की निम्मी विशेषणं तिथेच गळून पडतात, आणि ॲम्पचा मालक आपल्याशी जरा तुटक बोलायला लागतो.

उरलेला फरक बहुधा आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे ॲम्पच्या आतल्या विद्युत अडथळ्याचा. आधी काहीही न जोडता व्होल्ट मोजा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून मोजा. ३०० मिलिव्होल्टचे १५० झाले तर ॲम्पच्या पोटातही ३३ ओहम आहेत. हेडफोनचा इम्पिडन्स ॲम्पच्या आठपट तरी असावा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या वरचा ॲम्प नको. ३०० ओहमच्या काही हेडफोनांचा इम्पिडन्स १०० हर्ट्झच्या आसपास बराच वर चढतो. तिथे असा ३३ ओहमचा ॲम्प लावला की डग्गा फुगतो, आणि या फुगण्यालाच लोक "ऊब" म्हणतात. उलट आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कंजूष कपॅसिटर (डीसी अडवून आवाजाचा सिग्नल जाऊ देणारा भाग) असेल तर ३२ ओहमवर ५० हर्ट्झच्या खालचा खर्ज झडायला लागतो. तोच ॲम्प ३०० ओहमवर मात्र ५ हर्ट्झपर्यंत बिनतक्रार जातो. तेव्हा हेडफोन कोणता ते न विचारता ॲम्पला नावं ठेवू नयेत.

घरघर तपासायला तानपुरा लावू नका. काळी एकच्या तानपुऱ्याचा पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास, आणि आपल्या विजेची घरघर नेमकी १०० वर! बेमालूम लपते. गाणं थांबवा, आवाजाचा नॉब फिरवा. नॉबबरोबर घरघर वाढली तर ती अलीकडून, म्हणजे केबल किंवा सोर्सकडून येतेय. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तिथेच गप्प होते. नॉबला दाद देत नसेल तर दोष पॉवर सप्लायचा किंवा खुद्द ट्यूबचा. ट्यूबवर पेन्सिलीने हलकेच टकटक केल्यावर कानात थोडं "टण्ण" आलं तर चालेल; टेबलावर कप ठेवल्यावरही आलं तर ट्यूब बदला.

एवढं सगळं करून प्रामाणिक मत दिलं की मालक शांतपणे म्हणतो, "अजून शंभर तास वाजून मुरला नाहीये ना, म्हणून." रोज तीन तास धरले तर महिना उलटतो. परत पाठवायची मुदत असते सात दिवसांची.